मॅडम, नवा फ्लू आलाय म्हणे, मुलीला शाळेत पाठवू का?

मी नाशिकमध्ये कुटुंबांचं समुपदेशन करते. हा प्रश्न मला वर्षा-दोन वर्षांनी येतोच, फक्त विषाणूचं नाव बदललेलं असतं. २००९ साली स्वाइन फ्लू होता, मार्च २०२३ मध्ये एच३एन२ हा फ्लूचाच एक प्रकार, आणि जानेवारी २०२५ मध्ये एचएमपीव्ही, जो मुळात फ्लूच नाही, सर्दी-खोकल्याचा वेगळाच विषाणू आहे. टीव्हीवर लाल पट्टी फिरायला लागली की नाशिकच्या पालकांचे फोन सुरू होतात. विचारणाऱ्या बहुतेक आया. बाबांचा फोन आला तर तो बायकोबद्दल असतो : "मॅडम, हिला जरा समजवा."

मार्च २०२३ मधलं एक घर सांगते. त्यांना विचारून लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

घर सिडकोतलं. नवरा अंबड एमआयडीसीत पाळीवर, बायको घरी शिकवण्या घेते. मुलगी चौथीत, मुलगा अडीच वर्षांचा. सोबत सासूबाई, वय सत्तरीला टेकलेलं, मधुमेह जुना. बाई आल्या त्या मुलीला घेऊन. म्हणाल्या, "ही सारखी विचारते, आई मला ताप आलाय का? शाळेची रिक्षा यायच्या वेळेला पोट दुखतं. परीक्षा तोंडावर आल्यात."

मुलीची बोटं सॅनिटायझरने कोरडी पडून पेरांपाशी भेगाळली होती. मी तिला विचारलं, "तुला ताप आला तर काय होईल गं?" तिने आधी आईकडे पाहिलं. मग म्हणाली, "आई वहीत लिहील."

ही वही फ्रीजवर असायची. बाईंनी मोबाइलवर तिचे फोटो दाखवले. शाळेत जाण्याआधी, आल्यावर, झोपताना आणि रात्री दोनला, असा रोजचा आकडा. ९७.९, ९८.४, ९८.८. एका ठिकाणी ९९.१ ला लाल पेनाने गोल आणि शेजारी बारीक अक्षरात : "उन्हातून आली. ओआरएस दिलं." फोटो पुढे पुढे सरकवत गेले, पण त्याहून मोठा आकडा सापडला नाही. खेळून आलेल्या किंवा संध्याकाळच्या वेळच्या निरोगी मुलाचं अंग एवढं कोमट असतंच. डॉक्टर साधारण १००.४ फॅरनहाइटच्या पुढे ताप धरतात. वहीतली मुलगी ठणठणीत होती, आणि आजारी पडायची वाट बघत होती.

"रात्री दोनला का?" मी विचारलं. त्या काही बोलेनात. मग एप्रिल २०२१ निघाला, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतला. नाशिकमध्ये तो महिना कुणी विसरलेलं नाही. २१ एप्रिलला महापालिकेच्या एका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि काही तासांत २२ रुग्ण गेले. त्याच आठवड्यात या बाई भावासाठी सिलिंडर शोधत फिरत होत्या. भाऊ वाचला. पण त्याचा ताप पहिल्यांदा लक्षात आला होता रात्री दोनलाच, आणि "सकाळी बघू" असं सगळे म्हणाले होते.

अशा माणसाला "उगाच घाबरता हो" म्हणणं मला पटत नाही. एकदा जे बघितलंय ते बघितलंय. त्यांच्या नवऱ्याचं पालुपद होतं, "काही होत नाही गं." तो हे जितकं म्हणे, तितकी त्यांची राखण वाढे, कारण घरात दुसरं कुणी जागं नाही अशी त्यांची खात्री पटत जाई. हे मी बऱ्याच घरांत पाहिलंय. एकाने काळजी उडवून लावली की दुसऱ्याला दोघांच्या वाटची करावी लागते.

मी डॉक्टर नाही. म्हणून त्यांच्याच बालरोगतज्ज्ञांना, त्यांच्या देखत, फोन लावला. डॉक्टरांनी पहिली गोष्ट सांगितली ती ही, की एच३एन२ नवा नाही. माणसांत तो १९६८ पासून आहे. त्याचं रूप दर वर्षी थोडं थोडं बदलतं, म्हणून लसही दर वर्षी बदलावी लागते. त्या महिन्यात कर्नाटक आणि हरियाणात एकेक मृत्यू जाहीर झाला होता, आणि बाईंच्या वर्गाच्या पालक ग्रुपवर तीच बातमी दिवसभर फिरत होती. त्याच सुमारास इंडियन मेडिकल असोसिएशननेही सांगितलं होतं : ताप साधारण तीन दिवसांत उतरतो, खोकला मात्र तीन आठवड्यांपर्यंत रेंगाळू शकतो, आणि लक्षणं पाहून औषध द्या, अँटिबायोटिकची घाई नको. अँटिबायोटिक जिवाणूंवर चालतं, विषाणूवर नाही. ग्रुपवर ही सूचना कुणी टाकलेली बाईंना आठवत नव्हती.

मग मी विचारलं, "घरात फ्लू आला तर सगळ्यात जास्त त्रास कुणाला होईल?" त्या पटकन म्हणाल्या, "हिला. हीच बाहेर जाते ना."

इथे माझ्या दृष्टीने सगळी गोम होती. बाहेर जाणारी मुलगी फ्लू घरात आणू शकते, हे खरं. पण नऊ-दहा वर्षांचं धडधाकट मूल बहुधा चार दिवस तापून उठतं. फ्लू अवघड जातो तो पाच वर्षांखालच्यांना, त्यातही दोनच्या आतल्यांना, पासष्टीपुढच्यांना, गरोदर बायकांना, आणि दमा, मधुमेह, हृदयाचे आजार असणाऱ्यांना. म्हणजे या घरात धाकट्याला आणि सासूबाईंना. आणि मुलगी रोज झोपायची आजीच्या कुशीत. सासूबाईंना फ्लूची लस कधी दिलेली नव्हती. त्यांची साखर शेवटची कधी तपासली, हे कुणालाच सांगता येईना. अख्ख्या घराची काळजी एका थर्मामीटरवर खर्च होत होती, तीही ज्या पोरीला तिची सगळ्यात कमी गरज तिच्यावर.

हे ऐकून बाई घाबरतील असं मला वाटलं होतं. उलट त्या सरळ बसल्या आणि पर्समधून पेन काढलं. करायला काही नसलं की माणूस मोजत बसतो. त्यांना आता काम मिळालं होतं.

त्या बैठकीत आणि पुढच्या एका बैठकीत, नवऱ्याला बोलावून, आम्ही वहीच्या जागी एक कागद केला. मजकूर डॉक्टरांनी सांगितलेला, अक्षर मुलीचं. मूल हसतंखेळतं असेल तर थर्मामीटर कपाटात. अंग तापलेलं वाटलं तरच लावायचा. ताप असेल तर शाळा नाही, आणि औषधाशिवाय पूर्ण एक दिवस ताप आला नाही की मग पाठवायचं. पॅरासिटामॉल वजनावर ठरतं, म्हणून दोन्ही मुलांची वजनं आणि डॉक्टरांनी सांगितलेलं माप शेजारी. ॲस्पिरिन मुलांना अजिबात नाही. आणि खाली, मुलीने लाल स्केचपेनने चौकट करून, "लगेच निघायचं" : श्वास भरभर चालणं किंवा बरगड्यांखाली खळगा पडणं, ओठ-नखं निळसर दिसणं, मूल गुंगीत राहणं, आठ तास लघवी न होणं, पाणी पोटात न ठरणं, ताप उतरून दोन दिवसांनी पुन्हा जोरात चढणं. धाकट्याचा श्वास मोजायचा तर तो शांत असताना पूर्ण एक मिनिट मोजायचा. त्याच्या वयाला चाळीस किंवा जास्त भरला तर दवाखाना.

नवऱ्याने कागद वाचला आणि म्हणाला, "रात्री दोनला यातलं काही दिसलं तर गाडी मी काढणार. हिने फक्त हाक मारायची." मी सुचवलेलं नव्हतं हे. बाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. रात्रीचं मोजणं त्यानंतर चार-पाच दिवसांत बंद झालं. एकदम नाही, आधी दोनचं गेलं, मग झोपतानाचं.

मुलीसाठी वेगळं सांगावं लागलं. "मला ताप आलाय का" असं तिने विचारलं की आई कपाळाला हात लावून "नाही गं" म्हणायची, पोरगी दहा मिनिटं शांत, की पुन्हा तेच. असल्या दिलाशाची सवय लागते. आता उत्तर ठरलं : "तुला काय वाटतंय? कागदावर काय लिहिलंय?" पहिले दोन दिवस ती चिडली. मग कंटाळली. कंटाळली हे चांगलंच. आणि सॅनिटायझर गेलं, त्या जागी साबण-पाणी : शाळेतून आल्यावर, जेवणाआधी, शिंकल्या-खोकल्यावर, वीसेक सेकंद. साबणाने फ्लूच्या विषाणूचं चरबीचं आवरणच फुटतं. रात्री बोटांना खोबरेल तेल.

सासूबाईंचा भाग नाजूक होता. त्यांनी धाकट्याच्या झबल्याला कापराची पुरचुंडी टाचली होती, स्वाइन फ्लूच्या काळात सगळेच करायचे तशी. कापराने विषाणू मरत नाही, आणि लहान मुलाने वडी तोंडात घातली तर झटके येऊ शकतात. पण हे सुनेने सासूला सांगायचं म्हणजे घरात दुसरीच साथ. ते लेकाने सांगावं असं ठरलं. बाकी त्यांचं हळदीचं दूध, आल्याचा चहा, मुलीला खोकल्यावर चमचाभर मध, यांतलं काही बंद करायला लावलं नाही. मध फक्त वर्षाच्या आतल्या बाळाला देत नाहीत. लसीला त्या "मला काय धाड भरलीय?" म्हणाल्या. लेक म्हणाला, "तुझ्यासाठी नाही, नातवासाठी घे." घेतली. मोठ्यांना वर्षाला एक डोस. धाकट्याला पहिल्यांदाच म्हणून चार आठवड्यांच्या अंतराने दोन. सहा महिने ते पाच वर्षांच्या सगळ्या मुलांना ही लस दर वर्षी द्यावी असं बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, पण सरकारी लसीकरणाच्या नेहमीच्या यादीत ती नाही, म्हणून कित्येक पालकांना तिचा पत्ताच नसतो.

इथे थोडं शाळांबद्दल बोलते, राग आहे म्हणून. मार्चमध्ये सकाळी पॅरासिटामॉल पाजून मूल परीक्षेला पाठवणारे पालक मला दर वर्षी भेटतात. औषधाचा अंमल अकरा वाजेपर्यंत, मग मूल बाकावर डोकं टाकून पडतं, आणि तोवर आजूबाजूच्यांना प्रसाद वाटून झालेला असतो. फ्लू लक्षणं दिसण्याच्या एक दिवस आधीपासून पुढे पाच-सात दिवस पसरतो. पालकांना दोष देऊन भागत नाही. चुकलेला पेपर पुन्हा घ्यायला शाळा कां-कूं करते आणि स्नेहसंमेलनात शंभर टक्के हजेरीचं बक्षीस देते. कुठल्याही शाळेत बोलायला गेले की ते बक्षीस बंद करा असं मी सांगते. अजून कुणी केलेलं नाही.

महिनाअखेरीस मुलीला ताप आलाच. १०२. बाईंचा फोन आला तो दुपारी, आवाज घट्ट. "मॅडम, आलाय. पाणी पितेय, लघवी होतेय, श्वास ठीक आहे. पेपरला पाठवलं नाही. आईंना आतली खोली दिलीय, जेवणाचं ताट दारात." मला सांगण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मी फक्त विचारलं, तुम्ही जेवलात का. नव्हत्या जेवल्या.

दुसऱ्या दिवशी धाकटाही तापला. बाई म्हणाल्या, "लसीनेच आला असेल, आठवडाही झाला नाही टोचून." लसीतला विषाणू मेलेला असतो, त्याने फ्लू होत नाही, पण तिचं संरक्षण मिळायला साधारण दोन आठवडे लागतात, ते मिळायच्या आतच बहिणीकडून पोचला होता. अडीच वर्षांचा म्हणून डॉक्टरांनी त्याला त्याच दिवशी पाहिलं आणि ऑसेल्टामिव्हिर, म्हणजे फ्लूच्या विषाणूवरचं औषध, सुरू केलं. हे औषध पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत दिलं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून लहान मुलाच्या, म्हाताऱ्या माणसाच्या बाबतीत "दोन दिवस वाट बघू" नको. मुलीला ते औषध दिलं नाही, गरज नव्हती. तिचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. सासूबाईंना काही झालं नाही. आतल्या खोलीत बसून त्यांनी सुनेला हाका मारून मारून बेजार केलं, एवढंच.

खोकला मात्र राहिला, आणि त्याने बाईंना पुन्हा डळमळवलं. दहाव्या दिवशी रात्री त्यांनी थर्मामीटर बाहेर काढला होता. मुलीने तो बघितला आणि म्हणाली, "खोकला तीन आठवडे, आई. लिहिलंय." त्यांनी लावला नाही. पुढे मला सांगताना म्हणाल्या, लावावासा वाटलं मात्र खूप. वाटू दे की, मी म्हटलं.

परवा त्यांचा पुन्हा फोन होता. २०२७ च्या पावसाळ्यात सिंहस्थाची पर्वस्नानं आहेत, म्हणजे गर्दी आणि पावसाळ्याअखेरची फ्लूची साथ एकाच वेळेला. जळगावकडच्या नातेवाइकांनी आत्तापासून मुक्कामाचं बोलून ठेवलंय. येऊ देत, बाई म्हणाल्या, हॉलमध्ये गाद्या टाकू. महिनाभर आधी आईंची आणि धाकट्याची त्या वर्षीची लस उरकायची, नवऱ्याने मोबाइलमध्ये आठवण लावून ठेवलीय. आतली खोली कुणालाच द्यायची नाही.