आधी चँटर, मग ड्रोन: बॅगपाइपच्या सुराबद्दल वाचकांचे प्रश्न

मुलगी ग्लासगोला शिकते आणि तिथल्या पाइप बँडमध्ये हायलंड बॅगपाइप वाजवते. नोटेशनमध्ये ‘लो ए’ लिहिलेलं असतं, पण मोबाइलचा ट्यूनर ४४० ऐवजी ४७८ दाखवतो. वाद्य बिघडलंय का? घरी आली की तिला पेटीची साथ करता येईल का?
*वाचक, पुणे*

वाद्य ठणठणीत आहे. बॅगपाइपचा ‘ए’, म्हणजे तिचा षड्ज, हे फक्त लिहिण्यापुरतं नाव. गेल्या शतकभरात या वाद्याचा सूर चढत गेला आणि आज बहुतेक बँड ४७० ते ४८० हर्ट्झच्या दरम्यान कुठेतरी लावतात. पेटीची काळी पाच ४६६ वर असते. म्हणजे मुलीचा षड्ज काळी पाचच्या वर, पण पांढरी सातच्या खाली, दोन पट्ट्यांच्या फटीत बसलाय. तिथे साथ जमायची नाही. इतर वाद्यांबरोबर वाजवणाऱ्यांसाठी ४६६ ला लागणारे चँटर (बोटांनी वाजवायची भोकांची नळी) मिळतात, त्यातला एक घ्या.

तरीही पेटीशी थोडी कुरबुर राहीलच. चँटरवर सूर नऊच: मंद्र कोमल निषाद, मग षड्जापासून तार षड्जापर्यंत खमाज थाट. शुद्ध निषाद नाही, कोमल गंधार नाही. हे सगळे सूर ड्रोनच्या, म्हणजे सतत एकच सूर धरणाऱ्या नळ्यांच्या, षड्जाशी जुळवलेले असतात, पेटीच्या पट्ट्यांशी नव्हे. षड्ज ४८० धरला तर गंधार ६०० वर येतो, पेटीच्या हिशेबाने तो ६०५ झाला असता. वरचा निषाद बरेच वादक ८४० ला ठेवतात. पेटीच्या हिशेबाने तो ८५५, म्हणून पेटी ऐकलेल्या कानाला हा निषाद फार उतरलेला वाटतो. तानपुऱ्यावर रियाज केलेल्याला नाही वाटत. भूप आणि दुर्गा मात्र या चँटरवर छान बसतात.

आमच्या शाळेच्या बँडमध्ये आठ पाइप आहेत. एकेकटे बरे वाजतात, एकत्र वाजले की नुसता गलका. सुरात लावण्याचा क्रम कोणता?
*बँड शिक्षक, नाशिक*

पहिली दहा मिनिटं काहीही लावू नका, नुसतं वाजवा. आतली हवा तापते आणि रीड (कंप पावून सूर देणारी पत्ती) ओली होते, तसा सूर चढत जातो. गार वाद्य लावलंत तर पंधरा मिनिटांत सगळं पुन्हा करावं लागेल. त्या काळात एखादं पाइप बाजूला ठेवून चहाला गेलात तर तेवढंच मागे पडतं.

मग ड्रोनची तोंडं बुचाने बंद करून फक्त चँटर. खालचा आणि वरचा षड्ज ताडून पाहा. वरचा चढा असेल तर रीड किंचित बाहेर ओढा, उतरलेला असेल तर आत दाबा. रीड आत गेली की सगळेच सूर चढतात, पण वरचे जास्त चढतात, आणि जुळणी होते ती या फरकामुळेच. केसभर सरकवा, वाजवा, पुन्हा ऐका. अष्टक जुळलं की एकेक सूर घ्या. चढा असेल त्याच्या भोकाच्या वरच्या कडेवर चिकटपट्टी लावा. खालच्या कडेला लावली तर फार उपयोग होत नाही, आणि नवशिके नेमकी तिथेच लावतात. सूर उतरलेला असेल तर आधीची पट्टी थोडी वर घ्या. आठही चँटर एका चँटरशी जुळेपर्यंत ड्रोनला हात लावू नका. बहुतेक गलका इथेच मिटतो.

आता ड्रोन. ते तीन: दोन टेनर आणि त्यांच्याहून खालचा बेस. बाहेरचा टेनर उघडा ठेवा, मधला टेनर आणि बेस बंद. वाजवणाऱ्याने लो ए धरावा, दुसऱ्याने ड्रोनचा वरचा तुकडा फिरवत सरकवावा. वर सरकवला की नळी लांब होते, सूर उतरतो. चँटर ४८० ला असेल तर टेनर २४० ला हवा. तो २४२ असेल तर सुरात लाटा ऐकू येतात, ‘वाँव-वाँव’. सरकवताना लाटा संथ होत गेल्या तर दिशा बरोबर. थांबल्या की तिथे सोडा. मग मधला टेनर पहिल्याशी जुळवा, शेवटी बेस, तो १२० ला.

तुकडा पार खाली बसला तरी सूर उतरलेलाच असेल तर दोष नळीचा नाही, रीडचा. बोरूच्या रीडवर बांधलेला दोरा सरकवून जिभेचा हलता भाग आखूड करा. प्लॅस्टिकच्या रीडला शेवटाशी स्क्रू असतो, तो आत घ्या.

एवढं करून कूच सुरू झाल्यावर सूर हलला तर काखेतल्या पिशवीवरचा दाब तपासा. फुंकताना हात सैल आणि श्वास घेताना घट्ट, हा बदल झोक्याशिवाय व्हायला हवा. दाब वाढला की चँटर आणि ड्रोन सारखे चढत नाहीत, त्यामुळे जुळलेलं फाटतं. पारदर्शक नळी यू आकारात वाकवून पाणी भरा आणि पिशवीला जोडा. साधारण तीस इंचाचा फरक एका जागी थरथर न होता राहिला पाहिजे. मुलांना डोळ्यांनी दिसलं की हात लवकर सुधारतो.

मी सनई वाजवतो. यात जीभ लावता येत नाही, मग एकच सूर लागोपाठ दोनदा कसा वाजतो?
*वाचक, मिरज*

मध्ये दुसऱ्या सुराचा कण घालून. रीड आत असते, ओठ तिथे पोचतच नाहीत आणि आवाज अखंड चालू. सा-सा हवं असेल तर डाव्या हाताची तर्जनी निमिषभर उचलायची, तो ‘जी’ सुराचा कण. सलग तीन हवे असतील तर दुसऱ्यासाठी उजवी तर्जनी, तिसऱ्यासाठी डावी अनामिका. कण ऐकू न येता नुसता ठोका जाणवला पाहिजे. तो लांबला तर चाल लंगडते. आवाज लहान-मोठा करता येत नसल्याने आघातही या कणांनीच दाखवतात. पीब्रॉख या जुन्या संथ प्रकारात ऊर्लार म्हणजे मूळ चाल वाजवून त्यावर कणांची गुंफण वाढवत नेतात. ते गेलिक बोलांनी तोंडी शिकवायची रीत आहे, तबल्याच्या बोलांसारखी.

पावसाळ्यात संचलनाच्या मधेच एखादा ड्रोन गप्प होतो.
*वाचक, कोल्हापूर*

रीडच्या जिभेवर पाणी साचून ती चिकटते. रीड काढून पुसा, जिभेखालून केस फिरवा. वाजवून झालं की पिशवीतून ड्रोन काढून आतून कापड ओढा, ओलं पाइप खोक्यात बंद करू नका. ब्लोपाइपला, म्हणजे फुंकायच्या नळीला, पाणी अडवणारी नळी जोडता येते. कोरड्या दिवशीही तोच ड्रोन बंद पडत असेल तर जीभ फार सपाट झालीय, दोरा किंचित मागे घ्या. लाकूड फुगून जोड अडकला तर पकडीने पिळू नका, खोलीत वाळू द्या आणि दोऱ्याचे एक-दोन वेढे कमी करा.