"डोळे उठून दिसतायत" एवढंच म्हणालो होतो

दिवाळीनंतरची केस आहे. मुलगा २७-२८ चा, राहतो ठाण्यात, नोकरी ऐरोलीला आयटीत. नाव नाही सांगत, ओळख पटेल अशा दोन-चार गोष्टी बदलल्यात, आणि त्याला विचारूनच लिहितोय. नौपाड्यात माझ्याकडे समुपदेशनाला आला, बसला, आणि पहिली पंधरा मिनिटं झोप लागत नाही, ॲसिडिटी होते, अप्रेझल जवळ आलंय असंच काहीबाही सांगत राहिला. मी ऐकत होतो. ॲसिडिटीसाठी माझ्याकडे कोणी येत नाही, एवढं इतक्या वर्षांत कळलंय. मग एकदम खाली बघून म्हणाला, "सर, मी एका मित्राला छान दिसतोयस म्हणालो. माझ्यात काही गडबड आहे का?"

झालं असं होतं की ऑफिसात ट्रॅडिशनल डे होता आणि हा मित्र वाईन कलरचा कुर्ता घालून आला होता. कॅन्टीनमध्ये सात-आठ जण बसलेले, हा सहज बोलून गेला, "अरे काय भारी दिसतोयस, या कलरमध्ये डोळे एकदम उठून दिसतायत." टेबलावर दोन सेकंद शांतता आणि मग "ओहोऽऽ डोळे!" त्या दिवसापासून याचं नावच 'डोळे' पडलं, ग्रुपवर बदामवाले स्टिकर सुरू झाले. ते सगळं त्याने सहन केलं असतं म्हणे, पण तो मित्र हसला नाही, ताट घेऊन उठून गेला. ते याला लागलं. तेव्हापासून हा ठाण्याला मुद्दाम शेवटच्या डब्यात चढतो, कारण मित्र मधल्या डब्यात असतो. ठाणे, दिघा गाव, ऐरोली. दहा-बारा मिनिटांचा प्रवास, तेवढाही एकत्र नको.

त्यात घरी लग्नाचं बघतायत. मग रात्री-रात्री मोबाईलवर शोधाशोध, कुठल्या तरी टेस्ट सोडवायच्या, आणि 'मी तसा असेन तर त्या मुलीला फसवल्यासारखं होईल ना' हे डोक्यात घेऊन तीन वाजेपर्यंत जागं राहायचं.

अशा वेळी पटकन "नाही रे, तू तसा नाहीस" म्हणून टाकायचा मोह होतो. मी सुरुवातीच्या काळात म्हणायचोही, चूक होती ती. एक तर ते मी ठरवणारा कोण, आणि दुसरं म्हणजे त्या 'नाहीस'मधून 'असतास तर वाईट होतं' हे न बोलता सांगून टाकतो आपण. समलैंगिकता जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच आजारांच्या यादीतून काढली, आपल्या सुप्रीम कोर्टाने ६ सप्टेंबर २०१८ ला कलम ३७७ चा सज्ञानांमधल्या संमतीच्या समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारा भाग रद्द केला, तेव्हा त्यात बरं करण्यासारखं काही नाहीच. 'माझ्यात काही गडबड आहे का' या वाक्याने सुरुवात करून नंतर "सर, मी खरंच गे आहे" म्हणणारेही माझ्याकडे आलेत, त्यांच्याशी पुढचं बोलणं वेगळं असतं. पण कोणाकडे ओढ वाटते हे माणसाला वर्षानुवर्षं स्वतःच्या मनातून कळत असतं, कॅन्टीनमधल्या एका वाक्यावरून नाही. मी त्याला एवढंच विचारलं, त्या क्षणी काय वाटलं होतं? तो विचार करून म्हणाला, "कलर आवडला. आपणही असा घ्यावा वाटलं." आणि डोळे? "दिसले म्हणून बोललो ना सर."

त्या दिवशी निघताना दारात चप्पल घालता घालता म्हणाला, "सर, दाढी छान दिसतेय तुम्हाला." मी काय बोललो असेन? "अरे कसली छान, करायला वेळ नाही मिळाला." तो गेल्यावर स्वतःचंच हसू आलं. तासाला पैसे घेऊन जे समजावत होतो ते दारात माझं मलाच जमलं नाही.

पुढच्या वेळी तिथूनच सुरू केलं. म्हटलं, तुझ्या वडिलांनी, काकांनी कधी कोणा पुरुषाला 'छान दिसतोस' म्हटलेलं आठवतंय? नाही. पण मग काय म्हणतात ते आठव. नवीन शर्ट घातला की "काय, आज मुलगी बघायला का?" दाढी कोरून आलं की "कोण म्हणायचे आपण?" कौतुकच असतं ते, पण चिमटा काढून केलेलं. सरळ कौतुक करतो तो फक्त सलूनवाला, मागे आरसा धरून "मस्त दिसताय साहेब" म्हणतो, आणि ते आपण बिलात धरतो. याच्या जिममध्ये मात्र एकमेकांचे दंड दाबून "काय कट्स आलेत" चालतं, त्याला कोणी हसत नाही. तालमीतही तेच. कारण ते शरीर कमावलेलं असतं, मेहनतीचं कौतुक चालतं. गुढीपाडव्याला ठाण्यात कौपिनेश्वर मंदिराच्या स्वागतयात्रेच्या सकाळी बघा, एक जण दुसऱ्याला वीतभर अंतरावर उभं राहून फेटा बांधतो, शेमला नीट करतो, दोन पावलं मागे जाऊन बघतो, "आता कसा दिसतोयस!" कोणाला काही वाटत नाही. डोळे कोणी कमावत नाही, डोळे नुसते असतात, तिथे लोक अडखळतात.

म्हणून बोलायचंच असेल तर त्याने निवडलेल्या गोष्टीवर बोलावं, शर्ट, चष्मा, हेअरकट. आठ जणांत नाही, एकट्याला, आणि बोलून पुढे निघावं, त्याच्या तोंडाकडे बघत थांबू नये. वजन, टक्कल, रंग यावर बोलूच नये. "बारीक झालास, मस्त" असं ज्याला ऐकवलं तो महिनाभर टायफॉइडने पडलेला होता, असंही ऐकलंय माझ्या याच खोलीत.

पण खरी अडचण तो मित्र होता. त्याच्याशी बोल म्हटलं तर तीन आठवडे टाळलं. शेवटी एका सकाळी मधल्या डब्यात चढला आणि दिघा गाव गेल्यावर विचारलं, त्या दिवशी राग आला होता का? मित्र म्हणाला, "मला वाटलं तू सगळ्यांसमोर खेचतोयस माझी." लहानपणापासून डोळ्यांवरून चिडवायचे त्याला, घारा म्हणून. कुर्ताही त्यानंतर घातला नव्हता म्हणे.

याने विचारलं, घेतलास कुठून? गोखले रोडवरून, त्या कलरचा शेवटचा पीस होता. याने मग तिथूनच हिरवा घेतला. शुक्रवारी ऑफिसला घालून गेला, तर मित्र लांबूनच ओरडला, "पोपट दिसतोयस!"

हे सांगताना तो जाम खूश होता.