लेकीला रेंजर व्हायचंय? आधी बीटावरचा दिवस बघा

प्रश्न: मुलगी बारावी सायन्सला आहे. ताडोब्याची सफारी करून आल्यापासून ‘मी फॉरेस्ट रेंजर होणार’ हेच धरून बसली आहे. आम्ही नाशिकचे, घरात या खात्यातलं कुणी नाही. या लोकांचा दिवस नेमका कसा जातो? मुलीला झेपेल का? – एक आई

ताई, आधी एक घोळ निस्तरू. जिप्सीत तुमच्याबरोबर बसलेला गाइड खात्याचा नोकरदार नसतो आणि खाकीतला प्रत्येक माणूस रेंजर नसतो. बीट, म्हणजे नियतक्षेत्र, वनरक्षकाकडे असतं; त्याला सगळे गार्डच म्हणतात. काही बीटं मिळून राउंड, तो वनपालाकडे. काही राउंड मिळून रेंज, आणि तिचा प्रमुख वनपरिक्षेत्र अधिकारी, तो रेंजर. लेकीच्या डोळ्यांसमोर पायी जंगल तुडवणारा जो माणूस आहे, तो बहुतेक गार्ड आहे.

ताडोब्यातला एप्रिल-मे घ्या. गार्ड पहाटे वनमजुराला घेऊन गस्तीला निघतो. हातात काठी, पाठीवर दोन-तीन लिटर पाणी, मोबाइलवर एम-स्ट्राइप्स हे ॲप चालू. चाललेली वाट त्यात जीपीएसने उमटत जाते, त्यामुळे क्वार्टरवर बसून गस्तीची डायरी भरणं आता अवघड झालंय. आठ-दहा किलोमीटर सहज होतात, पण पगार चालण्याचा नाही, बघण्याचा आहे. पाणवठ्यावर आधी काठ बघायचा. मेलेली पाखरं, बेडूक किंवा पांढरे दाणे दिसले की शिकाऱ्यांनी युरिया कालवल्याचा संशय. पाण्याचा नमुना घ्यायचा, पाणी उपसून टाकायचं आणि तोवर जनावरं तिकडे येऊ द्यायची नाहीत. जनावरांच्या वाटांवर झुडपांच्या बुंध्याशी फास शोधायचे. बऱ्याचदा ती गाडीची क्लचवायर असते आणि पाचोळ्यात मिसळून जाते. शेताच्या कडेला आकडा टाकून सोडलेली वीजवायरही बघायची. ती रानडुकरासाठी लावतात, पण तिने वाघ मरतो आणि अंधारात गस्तीचा माणूसही.

सागाचं ताजं थूट, म्हणजे तोडलेल्या झाडाचा जमिनीत उरलेला बुंधा दिसला, तर जंगलाच्या त्या तुकड्याचा कक्ष क्रमांक, थुटाची गोलाई आणि उंची लिहायची, थुटावर खात्याच्या हातोड्याने खूण उमटवायची आणि त्याच दिवशी वनगुन्हा नोंदवायचा. नवे गार्ड इथेच घसरतात. आपल्या बीटात तोड झाली म्हणजे आपली नाचक्की, असं वाटून नोंद टाळतात. पुढे तपासणीत तेच थूट साहेबांना सापडलं की जबाबदारी गार्डवर येते, चौकशी लागते, वसुलीही निघू शकते.

आगीचा हंगाम 15 फेब्रुवारी ते 15 जून. जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून मोकळे ठेवलेले पट्टे, त्याआधीच साफ करून जाळून ठेवायच्या असतात. डेहराडूनच्या भारतीय वन सर्वेक्षणाकडून उपग्रहाने टिपलेल्या आगीचा एसएमएस येतो. त्यातले अक्षांश-रेखांश घेऊन पळायचं. बऱ्याच आगी मोहफूल वेचणाऱ्यांच्या असतात. फुलं नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि दुपारचा वारा तो पुढे नेतो. ब्लोअरने आगीच्या पुढे पाचोळा हटवून मातीचा पट्टा उघडा करायचा, आणि चढावर आगीच्या वरच्या बाजूला कधीच उभं राहायचं नाही, कारण आग चढाकडे झपाट्याने धावते. भर दुपारी झुंजण्यापेक्षा संध्याकाळी वारा पडल्यावर काम लवकर उरकतं.

गावाकडून फोन येतो तो बहुधा गाय मारल्याचा. इथे उशीर करून चालत नाही. मानेवरच्या सुळ्यांच्या खुणा, फरफटीची रेघ, पगमार्क म्हणजे पंजाचे ठसे, यांचे फोटो, पंचांच्या सह्या, पशुवैद्यकाचा दाखला, हे सगळं जागेवर व्हावं लागतं; त्याशिवाय भरपाईचं प्रकरण पुढे सरकत नाही. गार्ड दुसऱ्या दिवशी उगवला, तर चिडलेला मालक त्याच गायीवर विष टाकू शकतो. वाघ शिकारीवर परत येतो आणि मग एका गायीपायी वाघ जातो.

दर चार वर्षांनी व्याघ्रगणना असते. बीटात 5 किलोमीटरच्या तीन वाटा चालून खुणा टिपायच्या, 2 चौरस किलोमीटरच्या चौकटीत कॅमेऱ्यांची जोडी बांधायची. वाघ पट्ट्यांवरून ओळखतात; जोडी अशासाठी की त्याच्या दोन्ही कुशींचे पट्टे वेगळे असतात.

आता रेंजर. सकाळची फेरी त्यालाही असते, पण नंतर मजुरीची व्हाउचरं, रोपवन, गावकऱ्यांची बैठक, कोर्टाची तारीख. 1972च्या वन्यजीव कायद्यातला खटला अनेकदा कागदावर हरतो: पंचनाम्याची वेळ आणि अटकेची वेळ जुळत नाही, मुद्देमालाला सील नीट नसतं. अशा चुका पकडायची सवय ज्याला नाही, त्याने रेंजर होऊ नये, मग त्याचं वाघावर कितीही प्रेम असो.

झेपेल का, या प्रश्नामागची भीती कळते. ती खोटी नाही. नोव्हेंबर 2021मध्ये ताडोब्यात गणनेच्या पायी सर्वेक्षणात एका महिला वनरक्षकाचा वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. वाटेत वाघ दिसला तर थांबायचं, गट फुटू द्यायचा नाही, पाठ न दाखवता मागे सरायचं आणि त्या दिवसाचं सर्वेक्षण सोडून द्यायचं. हे शिकवता येतं, धोका मात्र शून्य होत नाही. खरं सांगायचं, तर मुलींना रोज जास्त छळतात त्या साध्या गोष्टी: आडगावातलं क्वार्टर, नसलेली मोबाइलची रेंज, गस्तीत नसलेली स्वच्छतागृहाची सोय. तरीही मुली येतात. सरकारी भरतीत महिलांना 30 टक्के समांतर आरक्षण आहे.

वाटा दोन. गार्डची भरती बारावीवर, वेतन 21,700–69,100 या श्रेणीत. गेल्या भरतीत लेखी परीक्षेनंतर मुलींना 3 किलोमीटर धावणं आणि 4 तासांत 16 किलोमीटर चालणं होतं, उंची किमान 150 सेंटिमीटर. 4 तासांत 16 म्हणजे दर किलोमीटर 15 मिनिटं. पहिला तास सोपा जातो, तिसऱ्यात पायाला फोड येतात. नवे बूट घालून परीक्षेला जाणाऱ्या मुली तिथेच बसतात. दुसरी वाट पदवीनंतर एमपीएससीच्या महाराष्ट्र वनसेवेची, तिथून रेंजर किंवा सहायक वनसंरक्षक. तुमच्या लेकीला रेंजरच व्हायचं असेल, तर वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र किंवा कृषी घ्यावं आणि तीन-चार वर्षांत चालण्याचा सराव रोज करावा. वय, शिक्षण आणि वैद्यकीय निकष मात्र त्या-त्या वर्षीच्या जाहिरातीतूनच वाचा, क्लासच्या पत्रकावरून नको.

फॉर्म भरायच्या आधी एक करा. बुद्धपौर्णिमेच्या रात्री वनविभाग ‘निसर्गानुभव’ घेतो. मचाणावर बसून पाणवठ्यावर आलेले प्राणी मोजायचे असतात. अटी बघून तिचं नाव नोंदवा. सकाळी ती खाली उतरली की फोटो नंतर बघा, आधी तिच्या हातातला तक्ता मागा आणि रात्री दोन ते चारचा रकाना भरलाय का ते बघा.