घरात शिरण्याआधीची दहा मिनिटं

प्रश्न: मी घणसोलीला राहते, वय 39. ठाण्यात वागळे इस्टेटला अकाउंट्सचं काम करते. पाचला उठून डबे, सासूबाईंची औषधं, मग ट्रेन, रिक्षा. संध्याकाळी घरात शिरल्या शिरल्या नववीतल्या मुलावर ओरडते आणि रात्री त्याचंच वाईट वाटून रडते. जबडा दुखतो, पहाटे तीनला जाग येते. ध्यान करून पाहिलं, पण डोळे मिटले की विचार आणखीच येतात. तासभर वेळ मला मिळणं शक्य नाही. काय करू?

उत्तर: ताई, तासभर लागणारच नाही. एक काम संपलं की लगेच दुसरं, मध्ये फटच नाही, अशी तुमची दिनचर्या आहे. ऑफिसचा ताण अंगावर असतानाच तुम्ही दार उघडता आणि समोर मुलगा सापडतो. म्हणून ट्रेनपासून सुरुवात करा.

परतताना दिघा गाव स्टेशन गेलं की मोबाइल पर्समध्ये टाका. जागा मिळाली नाही तरी चालेल, आणि डोळे उघडेच ठेवा. पर्स पोटाशी धरा. नाकाने चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं पाच मिनिटं. पर्स हलली पाहिजे, खांदे नाहीत. श्वास सोडताना हृदयाचे ठोके जरा मंदावतात, म्हणून सोडणं लांब ठेवायचं. इथे बहुतेकांचं चुकतं ते एकाच ठिकाणी: छाती भरून मोठमोठे श्वास घेतात. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, गरगरतं, बोटांना मुंग्या येतात आणि माणूस घाबरून सगळंच सोडून देतो. श्वास नेहमीएवढाच घ्या, फक्त सावकाश. चार-सहा जड जात असेल तर तीन-पाच. आणि डोकं शांत असेल त्या दिवशीही करा. एरवी सवय नसेल तर भडका उडाल्यावर ऐन वेळी ते जमत नाही.

जबड्यासाठी: ओठ मिटलेले, दात एकमेकांना न लागलेले, जीभ टाळूला. कॉम्प्युटरसमोर दात आवळले जातात हे कळतही नाही. मॉनिटरच्या कडेला एक टिकली लावा आणि ती दिसली की दात सोडा.

दुपारच्या डब्यानंतर घरी पोचेपर्यंत पोटात काय जातं, तेही बघा. नुसता चहाच असेल, तर त्या ओरडण्यात भुकेचाही वाटा आहे. पाचच्या सुमारास मूठभर चणे-शेंगदाणे किंवा एक केळं खा. शेवटचा चहा चारपर्यंत. त्यातलं कॅफीन अर्ध्यावर यायलाच साधारण पाच तास लागतात, म्हणून संध्याकाळचा चहा झोपेच्या मुळावर येतो.

घरी आधीच सांगून ठेवा, ‘मी आले की दहा मिनिटं मला काही विचारू नका.’ हातपाय धुवा, कपडे बदला, बसा. अभ्यासाचा विषय जेवणानंतर. तरीही ओरडलात, तर त्याच संध्याकाळी एका वाक्यात ‘माझं चुकलं’ म्हणा. ‘पण तूही...’ हे त्याला जोडू नका. मुलाच्या लक्षात तेवढंच राहतं.

जेवणानंतर दहा मिनिटं वहीत काळज्या लिहा, अंथरुणात बसून नको. प्रत्येकीसमोर उद्याचं पहिलं पाऊल: ‘क्लासची फी – जेवणाच्या सुट्टीत भरायची.’ जिथे काही करता येत नाही तिथे ‘हातात नाही’ लिहून पुढे जा. तीनला जाग आली तर घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटं झाली असं वाटूनही झोप लागली नाही तर उठून मंद दिव्यात बसा, डोळे जड झाले की परत या.

एकदा डॉक्टरांकडून बीपी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. चिडचिड आणि झोपमोड यांचं कारण कधी कधी तिथेच निघतं. रडू दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, कशातच मन लागेना झालं, तर थांबू नका. जीव नकोसा वाटला तर त्याच क्षणी बोला. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 वर चोवीस तास, फुकट, मराठीतून बोलता येतं.

आणि एक. पत्रात घरातल्या इतर मोठ्या माणसांच्या वाट्याला काय आहे ते नाही. यातलं काहीही केलं तरी पाचला उठून करायची कामं तेवढीच राहतात, ती वाटावीच लागतील. मेडिकलमध्ये सात दिवसांच्या कप्प्यांची गोळ्यांची डबी मिळते. दर रविवारी ती भरायचं काम दुसऱ्या कुणाकडे तरी द्या, आणि मुलाला स्वतःचा डबा भरून घ्यायला या आठवड्यापासूनच सांगा.