बडग्या काढायचा तर स्वतःचा काढ

प्रश्न : सर, मी बारावीला आहे, नागपुरात धरमपेठेत राहतो. अमेरिकेतल्या कॉलेजांसाठी कॉमन ॲपचा (अनेक कॉलेजांना चालणारा एकच ऑनलाइन अर्ज) निबंध विनोदी लिहिलाय. बाबा म्हणतात, "ॲडमिशन मागतोयस की गॅदरिंगमध्ये उभा आहेस?" ठेवू की गंभीर लिहू? मसुदा सोबत आहे.

उत्तर : ठेव. पण सगळा नाही.

ताईला बघायला पाहुणे आलेत, बाहेर ४५ डिग्री, आणि तू आदल्या रात्री 'दुरुस्त' केलेला कूलर मुलाच्या वडिलांच्या चश्म्यावर पिचकारी मारतो. मी मोठ्याने हसलो बाप्पा! यात फजिती तुझी आहे, म्हणून ते चालतं.

फिजिक्सच्या सरांच्या इंग्रजी उच्चारांचा परिच्छेद मात्र काढून टाक. मारबतीच्या मिरवणुकीत आपण पुढाऱ्यांचे बडगे, म्हणजे खिल्ली उडवणारे पुतळे, मिरवतो, तिथे ते शोभतं. इथे वाचणाऱ्याला तुझे सर दिसणार नाहीत. शिकवणाऱ्याची नक्कल करणारा मुलगा तेवढा दिसेल. 'स्थळ पाण्यात गेलं' हेही काढ. मराठीत टाळी घेईल, इंग्रजीत ते नुसतं ओलं वाक्य झालंय. (खरंच गेलं का रे? तू लिहिलंच नाहीस.)

आता खरी अडचण. मर्यादा ६५० शब्दांची, त्यातले पाचशे तू पाहुण्यांना भिजवण्यात घालवलेस. शेवटी घाईघाईने 'यातून मी चिकाटी शिकलो'. हे वाक्य कोणीही लिहितो. तुझ्या पत्रात मात्र जाता जाता एक गोष्ट आलीय : ताट्यांवर पाणी सोडणाऱ्या नळीची भोकं क्षाराने बुजली होती, तू ती तापलेल्या दाभणाने मोठी केलीस, म्हणून पाणी झिरपायच्या ऐवजी उसळलं आणि पंख्याने ते बैठकीत फेकलं. दुसऱ्या दिवशी नवी नळी आणलीस, आणि मे संपेपर्यंत गल्लीतले चार कूलर उघडलेस. अरे, निबंध हा आहे! पिचकारी दीडशे शब्दांत आटप, उरलेली जागा नळीला आणि त्या चार घरांना दे. हाच निबंध सगळ्या कॉलेजांना जातो, तेव्हा कूलर म्हणजे काय ते एका ओळीत सांग. तिकडच्या वाचकाने वाळ्याच्या ताट्या पाहिलेल्या नसतील.

झालं की तुला न ओळखणाऱ्या एखाद्या मोठ्या माणसाला मोठ्याने वाचून दाखव. जिथे थांबून समजवावं लागेल, तो विनोद गाळ. बाबांनाही दे वाचायला. पाहुण्यांना टॉवेल कोणी दिला, ते त्यांना विचार. मसुद्यात ते कुठेच नाहीत.