डिस्चार्ज कार्डावरचं 'पीसीआर' आणि रात्रीची लघवीची गोळी: दुसऱ्या डोळ्याची तारीख घेण्याआधी

ताई, तुमची पोस्ट सकाळी वाचली आणि दिवसभर डोक्यातून गेली नाही. सासऱ्यांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला वीस मिनिटं सांगितली आणि सव्वा तास लागला. कार्डावर 'पीसीआर' आणि 'अँटेरिअर व्हिट्रेक्टॉमी' लिहून आलं. विचारलं तर 'वयामुळे होतं असं' एवढंच उत्तर मिळालं. आता दीड महिन्याने नजर पुन्हा धूसर होतेय आणि दुसरा डोळा करायचा की नाही, हा प्रश्न आहे. यातलं एकेक वाक्य २०१८ साली आमच्या घरात बोललं गेलंय. आणि बाकी तब्येत ठणठणीत आहे हे सांगताना तुम्ही शेवटी सहज लिहिलंय, 'बीपीची एक आणि रात्री लघवीची एक, एवढ्याच गोळ्या.' माझं बरंचसं उत्तर त्या रात्रीच्या गोळीबद्दल आहे.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या दोन डोळ्यांमागे दीड वर्ष धावले आणि त्या काळात मिळेल ते वाचलं, डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतलं. तुमच्या सासऱ्यांचा डोळा मी पाहिलेला नाही, त्यामुळे त्यांच्या बाबतीत हेच घडलं असेल असं म्हणत नाही. पण विचारून घ्या.

तुमची पहिली शंका: हे पीसीआर म्हणजे कोरोनाची टेस्ट नव्हे. आपलं नैसर्गिक भिंग एका पातळ पिशवीत असतं. ऑपरेशनमध्ये आतला मोतीबिंदू काढतात आणि त्याच पिशवीत नवी लेन्स बसवतात. त्या पिशवीचा मागचा पदर फाटला की त्याला 'पोस्टेरिअर कॅप्सूल रप्चर' म्हणतात, तेच पीसीआर. पदर फाटला की मागची जेली पुढे येते, ती कापून साफ करावी लागते, ती व्हिट्रेक्टॉमी. उत्तम सर्जनच्या हातूनही हे होतं, म्हणून लगेच कोणाला दोष देऊ नका. पण ते का झालं हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

आता आमचं काय झालं ते. अण्णा एसटीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले, तेव्हा वय ७३. प्रोस्टेट वाढल्यामुळे रात्री झोपताना टॅमसुलोसिनची कॅप्सूल चार वर्षं चालू होती. मुलीसमोर या विषयावर ते कधी बोलायचे नाहीत. कॅप्सूलची स्ट्रिप उशीच्या अभ्र्यात ठेवायचे, संपत आली की रिकामी स्ट्रिप गुपचूप माझ्या टेबलावर यायची आणि मी मेडिकलमधून नवी आणायची. एवढाच आमचा त्यावरचा संवाद.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी फॉर्म मी भरला. मधुमेह, रक्तदाब, दमा, रक्त पातळ करायची गोळी, यांना चौकोन होते. त्याखाली 'सध्या चालू असलेली औषधे' आणि पुढे दोन बोटं रुंदीची एक ओळ. मी 'बीपी' लिहिलं. सिस्टरने नीट विचारलंही, 'अजून काही चालू आहे का काकांना?' मी अण्णांकडे पाहिलं, त्यांनी मान हलवली, आणि मी म्हणाले, 'नाही, बाकी काही नाही.' त्या क्षणी नवी स्ट्रिप माझ्या पर्समध्ये होती. सकाळीच घेतली होती. लघवीच्या गोळीचा डोळ्याशी काही संबंध असेल हे माझ्या मनातही आलं नाही.

संबंध असा आहे. ही गोळी प्रोस्टेट आणि मूत्राशयाच्या तोंडाजवळचे स्नायू सैल करते, म्हणून लघवी मोकळी होते. ज्या प्रकारच्या रिसेप्टरवर, म्हणजे पेशीवरच्या औषध पकडणाऱ्या जागेवर, ती काम करते, तोच डोळ्यातली बाहुली मोठी करणाऱ्या स्नायूतही असतो. त्यामुळे बाहुलीभोवतीची रंगीत कड, म्हणजे आयरिस, लुळी पडते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमध्ये डोळ्यात सतत पाणी आत-बाहेर खेळत असतं. त्या पाण्यात ही आयरिस ओल्या फडक्यासारखी हेलकावते, चिरेतून बाहेर यायला बघते, आणि थेंब घालून मोठी केलेली बाहुली ऐन कामात बारीक होत जाते. सर्जनला दिसायचं ते त्या बाहुलीतूनच. ती आकसली की पिशवी फाटण्याचा धोका वाढतो.

हे २००५ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिड चँग आणि जॉन कॅम्पबेल या दोन डॉक्टरांनी पहिल्यांदा मांडलं आणि 'इंट्राऑपरेटिव्ह फ्लॉपी आयरिस सिंड्रोम' असं नाव दिलं. लांबलचक नाव आहे, पण 'फ्लॉपी आयरिस' एवढं लक्षात ठेवलं तरी कुठल्याही डोळ्याच्या डॉक्टरांना कळतं. त्यांनी जुन्या केसेस तपासल्या तेव्हा अशी आयरिस असलेल्या डोळ्यांपैकी १२ टक्क्यांत पिशवी फाटलेली होती. तेव्हा सर्जनना याची काही कल्पनाच नव्हती. मग २००७ साली चँग आणि सहकाऱ्यांचा दुसरा अभ्यास आला, अनेक केंद्रांवरचा. टॅमसुलोसिन घेणारे १३५ रुग्ण, १६७ डोळे. या वेळी सर्जनना आधीच माहीत होतं आणि त्यांनी तयारी ठेवली होती. बहुतेक डोळ्यांत आयरिस कमी-अधिक लुळी पडलीच, पण पिशवी फाटल्याचं प्रमाण ०.६ टक्के, म्हणजे १६७ मध्ये एक डोळा.

हे दोन आकडे मी पहिल्यांदा शेजारी शेजारी वाचले तेव्हा बराच वेळ उठून कामाला लागता आलं नाही. मान्य आहे, ते अनुभवी सर्जन होते, दोन अभ्यासांची रचना वेगळी होती, सरळ भागाकार करू नये. तरीही आधी कळण्याने केवढा फरक पडतो ते मला त्यातून दिसलं.

घाबरूनही जाऊ नका. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात २००२ ते २००७ मध्ये मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्या ६६ आणि त्यापुढच्या वयाच्या ९६ हजारांहून अधिक पुरुषांच्या नोंदी तपासल्या, तो अभ्यास २००९ मध्ये आला. ऑपरेशनआधीच्या १४ दिवसांत टॅमसुलोसिन घेतलेल्यांत गंभीर गुंतागुंतीची शक्यता साधारण २.३ पट निघाली. पण मुळात अशी गुंतागुंत कमीच असते, त्यामुळे हिशेब असा आला की गोळी घेणाऱ्या सुमारे २५५ जणांमागे एक जादा गंभीर केस. गोळी घेणाऱ्या बहुतेकांचं ऑपरेशन व्यवस्थित होतं. म्हणून मोतीबिंदूच करायला नको, असा अर्थ कृपया काढू नका.

आणि दुसरं, जास्त महत्त्वाचं: गोळी स्वतःहून बंद करू नका. इथे खाली एकाने 'आठ दिवस आधी बंद करा, काही होत नाही' असं लिहिलंय. ते चूक आहे. बंद करून आयरिस सुधारेल याचा भरवसा नाही, गोळी सोडून बराच काळ झालेल्यांतही हा त्रास दिसलेला आहे. उलट ऑपरेशनच्या तोंडावर लघवी अडकली तर नळी घालायची वेळ येईल. गोळी चालू की बंद हे युरॉलॉजिस्ट आणि डोळ्याचे डॉक्टर ठरवतील. आपलं काम सांगण्याचं.

आमच्याकडे पुढे काय झालं ते तुमच्या धूसर दिसण्यासाठी सांगते. लेन्स बसली होती, पट्टी निघाल्यावर अण्णांना बरं दिसायला लागलं. पाचव्या आठवड्यात एका सकाळी ते खिडकीशी उभं राहून एक डोळा झाकत, उघडत होते. म्हणाले, 'गजांना कोणी वाकवलं?' खिडकीचे सरळ गज त्यांना मध्येच फुगल्यासारखे दिसत होते. मागच्या पडद्याच्या मध्यभागी, मॅक्युलावर, सूज आली होती. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर अशी सूज काही जणांना येते, साधारणपणे चार-सहा आठवड्यांनी, आणि पिशवी फाटलेली असेल तर जास्त शक्यता. ओसीटी नावाच्या स्कॅनमध्ये पाच मिनिटांत दिसते. तेव्हा सासऱ्यांचा ओसीटी झाला नसेल तर याच आठवड्यात करून घ्या, दुसऱ्या डोळ्याचं नंतर बघू. आणि डोळ्यात विजेसारखे चमकारे, अचानक काळे ठिपके किंवा कडेने पडदा सरकल्यासारखं वाटलं तर त्याच दिवशी, रविवार असला तरी, रेटिनाच्या डॉक्टरांकडे.

आमचा वेळ गेला तो कागदांत. दुसऱ्या गावातल्या रेटिना स्पेशालिस्टनी थेंब सुरू केले आणि ऑपरेशनची नोंद मागितली. आत नेमकं काय झालं, लेन्स कुठे बसवलीय, मोतीबिंदूचा तुकडा मागे राहिला का, हे कळल्याशिवाय त्यांना पुढचं ठरवायचं नव्हतं. जिथे ऑपरेशन झालं तिथल्या रेकॉर्डच्या खिडकीवर मी सात आठवडे चकरा मारल्या. आधी 'डिस्चार्ज कार्ड दिलंय ना, तेच रेकॉर्ड.' मग 'लेखी अर्ज द्या.' अर्ज दिला तर 'पेशंटची सही हवी.' सही आणली तर 'आमच्याकडच्या सहीशी जुळत नाही.' ज्या माणसाचा डोळा त्यांच्याकडे जाऊन बिघडला, त्याची सही जुळत नाही म्हणून कागद देणार नाहीत! अण्णा त्या खिडकीपाशी उभे राहून कागद नाकाशी धरून तीनदा सही करत होते, ते मी विसरू शकत नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांबद्दल माझ्या मनात राग नाही, त्यांना मी माहितीच दिली नव्हती. त्या खिडकीबद्दल मात्र आजही आहे.

तुम्ही असं फिरू नका. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे की रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागणी केल्यावर ७२ तासांत कागदपत्रं द्यायची. अर्जात ही ओळ लिहा, दोन प्रती न्या, एकीवर शिक्का आणि तारीख घ्या. 'ऑपरेशन नोट्सची प्रत' असे शब्द लिहा, नुसतं 'रिपोर्ट' लिहिलंत तर रक्ताचे रिपोर्ट हातात ठेवतील. लेन्सचा स्टिकरही मागा, त्यावर नंबर आणि पॉवर असते.

शेवटी कागद मिळाला. रेटिनाच्या डॉक्टरांनी तो वाचला, एका ओळीवर बोट ठेवून थांबले. 'आयरिस फ्लॉपी, प्युपिल स्मॉल.' वर बघून पहिला प्रश्न, 'काका, प्रोस्टेटची गोळी घेता का?' अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग हळूच 'हो' म्हणाले.

थेंब तीन महिने चालले, डोळ्याच्या बाजूला एक इंजेक्शनही झालं. सूज उतरली, पण तो डोळा ६/१८ वर राहिला, म्हणजे निरोगी डोळ्याला १८ मीटरवरून दिसतं ते त्याला ६ मीटरवरून. कागद लवकर मिळाले असते तर इंजेक्शन आधी झालं असतं आणि जास्त सुधारला असता का, कोणीच खात्रीने सांगत नाही.

दुसरा डोळा आम्ही २०१९ मध्ये केला, दुसरीकडे. या वेळी मी फॉर्मवर सगळ्यात वर लाल पेनने लिहिलं: 'टॅमसुलोसिन, रोज रात्री, पाच वर्षं. पहिल्या डोळ्यात फ्लॉपी आयरिस, पीसीआर.' सर्जनबाईंनी ते वाचलं आणि म्हणाल्या, 'बरं झालं सांगितलंत, मी रिंग तयार ठेवते.' बाहुली उघडी धरून ठेवणारी बारीकशी रिंग असते, हुकही असतात, आणि आयरिस ताठ राहावी म्हणून डोळ्याच्या आत औषध सोडतात. अर्ध्या तासात अण्णा बाहेर. त्या डोळ्याने ते आजही पेपरातलं शब्दकोडं सोडवतात.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: हो, दुसरा डोळा करा, पण पहिल्याची सूज आहे की नाही हे बघून, ऑपरेशन नोट्स हातात घेऊन, आणि अशा केसेस नेहमी करणाऱ्या सर्जनकडे. 'टॅमसुलोसिन चालू आहे, तुम्ही काय तयारी ठेवाल?' असं सरळ विचारा. या प्रश्नावर चिडणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही.

गोळ्यांची नावं तोंडी सांगू नका, स्ट्रिपाच पिशवीतून न्या. ब्रँडवरून कळत नाही, मागची बारीक अक्षरं बघा: टॅमसुलोसिन, सिलोडोसिन, अल्फुझोसिन, डॉक्साझोसिन, टेराझोसिन. धोका टॅमसुलोसिनला जास्त, पण बाकीचीही सांगायची. मुतखड्यासाठी हीच गोळी बायकांनाही देतात, तेव्हा सासूबाईंचंही विचारून ठेवा. ऑपरेशनआधी फिजिशियन देतात त्या फिटनेसच्या कागदावर विसंबू नका, तिथे हृदय आणि शुगर बघतात, आमच्या फिटनेसच्या कागदावर या गोळीचा उल्लेखही नव्हता. माझं तर स्पष्ट मत आहे की मोतीबिंदूच्या प्रत्येक फॉर्मवर 'प्रोस्टेट किंवा लघवीची गोळी घेता का, पूर्वी घेत होता का' असा वेगळा चौकोन हवा.

आणि सासऱ्यांना हे एकट्याने विचारायला तुमच्या यजमानांना सांगा. सुनेसमोर ते 'एवढीच गोळी' म्हणतील. आधी दुसरी कुठली घेत होते का, किती वर्षं, हे मुलाला सांगतील.

ओसीटीचा रिपोर्ट आला की नाव झाकून इथे टाका, मी रात्री बघते.