जागतिक समाजकार्य संघटनांच्या 'ग्लोबल अजेंडा'चा कोकणात काम करणाऱ्याला काय उपयोग?

तुम्ही विचारलंय की, एमएसडब्ल्यूला, म्हणजे समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला, 'ग्लोबल अजेंडा' (समाजकार्याच्या जागतिक संघटनांनी मिळून ठरवलेला कार्यक्रम) शिकवतात, पण राजापूरकडच्या गावात फील्डवर्क करताना त्याचा संबंध कुठे लागत नाही. मग जगभरच्या संघटनांनी एकत्र येऊन समाजकार्याच्या योगदानाची नोंद ठेवण्याचा उपयोग काय? मी दापोली तालुक्यातल्या किनाऱ्यावरच्या गावांत एकोणीस वर्षं हे काम करते आहे. उपयोग आहे, असं मी ठामपणे सांगेन. पण मलाही तो बराच उशिरा कळला.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं. आमच्याकडे केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, सगळीकडे दुपारभरात सुपारीच्या बागा आडव्या झाल्या. घरांचे पत्रे उडाले, कौलं गेली. वीज कित्येक आठवडे नव्हती, त्यात लॉकडाउन. आम्ही ताडपत्र्या, धान्य, मेणबत्त्या वाटल्या, आणि त्याचा हिशेब चोख ठेवला. देणगीदाराच्या तक्त्यात 'लाभार्थी संख्या' असा रकाना होता, तो आम्ही भरला.

खरं काम त्यानंतर सुरू झालं. पंचनामे झाले, नुकसानभरपाई मंजूर झाली, पण आमच्या भागात सातबारा एकाच्या नावावर क्वचितच असतो. एका काकींची बाग जवळजवळ पूर्ण झोपली होती. सातबाऱ्यावर अकरा नावं. दोन दीर मुंबईला, पुतणे ठाण्यात, नणंद सुरतेला, आणि दोन नावं तर वारलेल्या माणसांची. भरपाई काकींच्या खात्यात यायची, तर बाकीच्यांची संमतीपत्रं हवीत. मोठ्या दिरांशी चौदा वर्षं बोलणं नव्हतं. वाडीत रेंज नव्हती, म्हणून मी रोज सड्यावर, म्हणजे वरच्या कातळपठारावर, चढून फोन करायची. पहिल्या चार फोनांत त्यांनी माझं ऐकूनच घेतलं नाही. पाचव्या फोनला मी पैशांचा विषयच काढला नाही. विहिरीकडचे तीन माड उभे आहेत, एवढंच सांगितलं. ते त्यांच्या वडिलांनी लावलेले होते. बराच वेळ पलीकडून आवाज आला नाही. मग म्हणाले, "वहिनीला फोन दे." काकी माझ्याबरोबर नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांना हाताला धरून सड्यावर नेलं.

संमतीपत्रं जमायला अडीच महिने लागले. आमच्या अहवालात त्याची नोंद झाली ती अशी: 'कागदपत्र साहाय्य – १'.

त्याच सुमारास ग्लोबल अजेंडाच्या पहिल्या दशकाचा चौथा विषय माझ्या वाचनात आला: मानवी नात्यांचं महत्त्व. मी तो कागद दोनदा वाचला. आपण जे करतो त्याला जगात कुणीतरी कामाचा गाभा म्हणतंय आणि त्याच्या नोंदी मागतंय, हे मला तेव्हा पहिल्यांदा जाणवलं.

थोडी पार्श्वभूमी सांगते. आंतरराष्ट्रीय समाजकार्यकर्ता महासंघ, समाजकार्य शिक्षणसंस्थांची आंतरराष्ट्रीय संघटना आणि आंतरराष्ट्रीय समाजकल्याण परिषद या तीन संघटनांची मुळं १९२८ च्या पॅरिस परिषदेपर्यंत जातात. २०१० मध्ये हाँगकाँगला तिघींची एकत्र परिषद झाली, तिथून हा अजेंडा आकाराला आला आणि मार्च २०१२ मध्ये संयुक्त राष्ट्रांपुढे मांडला गेला. सामाजिक-आर्थिक समानता, माणसांची प्रतिष्ठा, पर्यावरण आणि समुदायांची शाश्वतता, आणि मग नाती, असे चार विषय घेतले. प्रत्येकावर जगाच्या वेगवेगळ्या विभागांतून माहिती गोळा करून अहवाल काढायचा, असं ठरलं. त्यासाठी 'ऑब्झर्वेटरी', म्हणजे निरीक्षण केंद्रांची, कल्पना होती. मेलबर्न २०१४, सोल २०१६, डब्लिन २०१८ या परिषदांत अहवाल मांडले गेले. आता २०२० ते २०३० असं दुसरं दशक चालू आहे. त्याची सुरुवात 'उबुंटू' या आफ्रिकी शब्दाने झाली: आपण सगळे आहोत म्हणून मी आहे. वाडीत एकाच्या घरचं मयत अख्ख्या वाडीचं असतं, तेव्हा हा शब्द आपल्याला वेगळा समजावून सांगायला नको.

मेलबर्नला २०१४ मध्येच समाजकार्याची नवी जागतिक व्याख्या मंजूर झाली. ती नीट वाचा. समाजकार्याचा पाया म्हणून तिच्यात समाजशास्त्रांबरोबर स्थानिक, मूळनिवासी लोकांचं ज्ञानही धरलं आहे. विहिरीकडचे माड उभे राहिले, कारण तिथे वारा डोंगराच्या आडोशाला पडतो. हे काकींना कृषी खात्याआधी माहीत होतं. नवी लागवड कुठून सुरू करायची, हेही त्यांनीच ठरवलं.

आता जिथे मला हे सगळं अपुरं वाटतं, तेही सांगते. अहवाल इंग्रजीत असतात आणि बहुतेक प्राध्यापक मंडळीच ते लिहितात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण तालुक्यात काम करणाऱ्या बाईची वही तिथवर पोचायला वाटच नाही. दुसरं, आपल्याकडे या व्यवसायाची ओळखच अर्धी आहे. मुंबईत १९३६ साली दोराबजी टाटा संस्था सुरू झाली, जिला आज आपण 'टिस' (टाटा सामाजिक विज्ञान संस्था) म्हणतो, तेव्हापासून इथे समाजकार्याचं रीतसर शिक्षण आहे. तरी डॉक्टर-वकिलांसारखी सगळ्या समाजकार्यकर्त्यांसाठी नोंदणी परिषद अजून नाही. २०२१ च्या आरोग्यसेवा व्यावसायिकांच्या कायद्यात वैद्यकीय आणि मनोविकार समाजकार्यकर्ते आले, गावात काम करणारे आम्ही बाहेरच राहिलो. वह्या वाटणाऱ्यालाही लोक समाजसेवक म्हणतात आणि संमतीपत्रासाठी अडीच महिने झगडणारीलाही. यात दोष लोकांचा नाही. आपण केलेलं काम आपणच कधी नीट लिहून दाखवलेलं नाही.

सहकार्य म्हटलं की मला आणखी एक प्रसंग आठवतो. आपल्या बंदरांतल्या बोटींवर आणि आंब्याच्या बागांत राखणीला नेपाळची माणसं किती आहेत, हे तुम्हाला ठाऊक आहेच. एका वर्षी त्यांच्यातला एक तरुण खलाशी आजारी पडला. मन फार खचलं होतं, कुणाशी बोलेना. घर कैलाली जिल्ह्यात. माझ्या मैत्रिणीची एक वर्गमैत्रीण काठमांडूत समाजकार्य शिकवते. तिच्या ओळखीने त्याच्या गावाजवळची एक कार्यकर्ती मिळाली. ती त्याच्या घरी गेली आणि आईशी त्याचं बोलणं करून दिलं. तो घरी परतल्यावर तीन महिने ती त्याला भेटत राहिली. मुलगा सावरला. पण हे केवळ ओळखीपाळखीने जुळलं. ओळख नसती तर मी काय केलं असतं, हा विचार मला अजून छळतो. दोन देशांतल्या कार्यकर्त्यांना एकमेकींचा पत्ता सहज मिळावा, एवढं जरी या संघटनांनी घडवलं तरी मला ते दहा अहवालांहून मोलाचं वाटेल.

तुम्ही काय करावं, असंही विचारलंय. रोजच्या फील्डवर्क नोंदीत आकडा लिहाच, पण त्याखाली चार ओळी मराठीत लिहा: आधी काय अडलं होतं, तुम्ही नेमकं काय केलंत, कुठे चुकलात, मग काय हललं. नावगाव बदला. मार्चचा तिसरा मंगळवार जागतिक समाजकार्य दिन असतो. त्या दिवशी भाषणांऐवजी या नोंदी वाचून दाखवा, अंगणवाडी सेविकांना आणि तलाठ्यांनाही बोलवा. त्यातल्या निवडक नोंदी इंग्रजीत करून पुढे पाठवण्याचं काम महाविद्यालयाकडून करून घ्या. ते मागायचा हक्क तुम्हाला आहे.

आणि शक्य असेल तर फील्डवर्कचा थोडा भाग मे महिन्यात मागून घ्या. तेव्हा चाकरमानी आंब्यांसाठी गावात आलेले असतात. ज्या सह्यांसाठी मला अडीच महिने लागले, त्यातल्या बऱ्याचशा तेव्हा एकाच पडवीत मिळतात.